फाळक्यावरची थाप

ही घटना खरी आहे.

ज्यांना खोटी वाटेल त्यांना वाटो. माझा सख्खा मामा तर तोंडावर म्हणतो की मी थापा मारते. त्याला मी एवढंच सांगते, थापा मी मारत नाही. थापा मारणारी दुसरीच आहे, आणि ती आमच्या गाडीच्या मागे उभी असते.

आणि हो, "विकून टाका ती गाडी" असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवत असतील, त्यांनी इथेच थांबावं.

विकणार नाही.

भुताच्या गोष्टीत नेहमी मध्यरात्र असते. आमच्याकडे सकाळ होती. धुकं होतं, हे मान्य. पण उजाडलेलं होतं आणि भिंतीपलीकडे शेजारचे गृहस्थ दात घासताना जोरजोरात खाकरत होते. जागा म्हणाल तर आमच्या घरामागचं आवार. पत्र्याची शेड, शेडसमोर थोडा उतार, आणि त्या उतारावर ताईचा ट्रेलर.

आता हे सगळं तिथवर आलं कसं, ते सांगते.

घरात आम्ही दोघीच. मी आणि ताई. मी बिस्किटांच्या फॅक्टरीत पॅकिंग लाइनवर सुपरवायझर. ताई वेल्डर. दोन चाकी ट्रेलरवर बसवलेलं तिचं डिझेलवर चालणारं वेल्डिंग मशीन आहे. जिथे वीज पोचलेली नाही तिथे ते ओढून न्यायचं आणि शेड, गेट, जिने, जे असेल ते जोडून यायचं, हा तिचा धंदा.

ट्रेलर ओढायला एक टेम्पोवाला ठरलेला होता. एके दिवशी भर साइटवर, चार माणसांसमोर तो तिला म्हणाला, बाई, तुम्ही गेटला रंग लावा, वेल्डिंग माझा भाऊ करेल. ताईने त्याला तिथल्या तिथे ट्रेलर सोडायला लावला आणि वाटेला लावलं. ताठा असावा तर असा. पण दुसऱ्या दिवसापासून मशीन घरात आणि ताईही घरात.

पूर्वी ती एका फॅब्रिकेटरच्या हाताखाली होती. तिथे परत जाण्यापेक्षा मशीन भंगारात घालेन, म्हणाली. आणि ती बोलते तसं करते.

त्यातच आमच्या फॅक्टरीने कामगारांची बस बंद केली. झालं. रोज कामावर जायला आणि सुट्टीच्या दिवशी ट्रेलर ओढायला एकच गाडी हवी, असं ठरलं. म्हणजे डिझेल पिकअप. नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी.

मामा म्हणाला, जुनं डिझेल म्हणजे पांढरा हत्ती. दोघी बायका त्याच्या पायाशी बसून रडाल. मी म्हणाले, रडायचंच असेल तर बसस्टॉपपेक्षा स्वतःच्या गाडीत बसून रडू.

गाडी मिळाली ती एका मधवाल्या काकांकडे. गावाबाहेर एकटेच राहायचे. मधमाश्यांच्या पेट्या ट्रेलरवर घालून या फुलांवरून त्या फुलांवर न्यायचा त्यांचा व्यवसाय. म्हणजे गाडीला ओढायची सवय होती, हुक मजबूत होता. काकांना ऐकू कमी यायचं. बोलताना कानामागे हात धरायचे.

मी सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवला. गार. म्हणजे आम्ही येणार म्हणून आधीच तापवून ठेवलेली नव्हती. इंजिन गरम करणाऱ्या हीटरचा दिवा विझू दिला, चावी फिरवली. एका दमात सुरू. आधी थोडा पांढरा धूर, मग साफ. ऑइलचं झाकण उघडून पाहिलं, आतून वाफा येत नव्हत्या. ताई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली सरपटली आणि जिथे गंज दिसेल तिथे टोचत सुटली. बाहेर आली ती हसतच. पत्रा गेलाय, म्हणाली, पण हाडं शाबूत आहेत.

एकच गोष्ट विचित्र वाटली.

मागच्या फाळक्यावर, म्हणजे माल भरायला खाली पडतं त्या पत्र्याच्या दारावर, उजव्या कोपऱ्यात, तळहाताएवढी एक जागा होती. तिथला रंग उडालेला. बाकी सगळ्या गाडीवर बोटभर धूळ होती आणि तेवढीच जागा... स्वच्छ.

काकांनी गाडी शेडमधून पुढे काढून दाखवली. मागे घ्यायची वेळ आली तसे ते खाली उतरले आणि चावी माझ्या हातात दिली. मी मागे घेत नाही, म्हणाले. मला हसू आलं. एवढी वर्षं गाडी चालवून मागे घेता येत नाही?

निघताना त्यांनी विचारलं, "ट्रेलर जोडताना मागे कोण उभं राहणार?"

"माझी बहीण."

काका बराच वेळ ताईकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "हिचं ऐकत जा."

मला वाटलं, गाडीचं म्हणतायत. जुन्या डिझेलचं दुखणं आवाजावरूनच कळतं, म्हणून तिच्या आवाजाकडे लक्ष ठेव, असं काहीतरी. मी मान डोलावली.

पहिले काही दिवस मी गाडीच्या प्रेमातच होते. खडखड तर इतकी की मी वळणाच्या अलीकडे असतानाच आवाज ऐकून ताई चहा ठेवायची. फॅक्टरीतल्या पुरुषमंडळींनी नाकं मुरडली, ट्रॅक्टर घेतला का म्हणाले. मी त्यांच्या स्कूटर्सच्या मधोमध रुबाबात पार्क करायचे.

पार्किंगमध्येच ते पहिल्यांदा झालं.

भर दुपार. दुसरी पाळी. मी भिंतीकडे गाडी मागे घेत होते. अचानक इंजिनची खडखड कमी झाली. बंद नाही पडली. गाडी थरथरत होती, पण आवाज मात्र कुणीतरी दार लावून घ्यावं तसा... लांब गेला.

आणि त्या शांततेत...

थप. थप.

मागून. फाळक्यावर. दोन थापा.

आता हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. गाडी मागे घेताना मागे उभं राहणारा माणूस पत्र्यावर थाप मारून सांगतो. आमच्याकडे ते बसच्या घंटीसारखं आहे. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. वडिलांच्या वेळेपासून हेच.

मला वाटलं वॉचमन मदत करतोय. दोन थापा, म्हणजे चल. मी आणखी मागे घेतली.

धाडकन भिंतीवर.

फार लागलं नाही, बंपर चेपला. मी चिडून खाली उतरले, वॉचमनला चार शब्द सुनवायला. मागे कुणी नव्हतं. वॉचमन समोर, गेटपाशी स्टुलावर बसून डबा खात होता. तिथून हललोच नाही, म्हणाला. त्याच्या हाताला भात लागलेला होता.

मी ताईला सांगितलं नाही. बंपर चेपला म्हणून ती बोलली असती.

मग ती धुक्याची सकाळ.

सुट्टीचा दिवस. ताईला टेम्पोवाला गेल्यानंतरचं पहिलं मोठं काम मिळालं होतं, एका गोदामाचा जिना. ती पहाटेपासून तयार. तिचं ते कातडी हातमोजे घालून फिरणं बघून मला भरून आलं. बऱ्याच दिवसांनी ती शीळ घालत होती.

ट्रेलर उतारावर, चाकांखाली दगड. गाडीच्या हुकाला लोखंडी गोळा असतो आणि ट्रेलरच्या दांड्याला वाटी. वाटी गोळ्यावर बसवायची म्हणजे गाडी अगदी वीत वीत मागे आणावी लागते. ताई मध्ये उभी. मी गाडीत. आरशात धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं.

ताईने एक थाप मारली. मी थांबले. वाटीची खटकी अडकलीय, थांब जरा, असं ती ओरडली. मी क्लच दाबून बसून राहिले. रिव्हर्स गिअर तसाच.

हातोडीचे बारीक ठोके ऐकू येत होते. शेजारचं खाकरणं ऐकू येत होतं.

मग खाकरणं थांबलं.

ठोके थांबले.

इंजिनची खडखड... लांब गेली.

थप. थप.

दोन. चल. मी क्लच सोडायला लागले. गाडी हलली.

थप, थप.

आधीपेक्षा जोरात. मला वाटलं ताईला घाई झालीय. येतेय ना, म्हणत मी आणखी सोडला.

थप थप. थप थप. थप थप...

पत्रा फाटेल असं कुणीतरी बडवत होतं. आणि त्याच्या आतून, फार लांबून आल्यासारखी, ताईची किंकाळी.

मी ब्रेकवर उभी राहिले.

खाली उतरून मागे गेले तेव्हा ताई जमिनीवर बसली होती. उजवा हात छातीशी धरलेला. हातात मोजा नव्हता. मोजा हुकाचा गोळा आणि ट्रेलरचा दांडा यांच्यामध्ये होता, पापडासारखा चपटा. बोटांच्या जागी काही उरलं नव्हतं. ताईने शेवटच्या क्षणी हात त्यातून ओढून काढला होता.

वेल्डरचा उजवा हात. तिच्याकडे दुसरं होतंच काय?

मी रडत तिच्यावरच ओरडले. "थाप का मारलीस मग?"

ताईचे ओठ पांढरे पडले होते. "मी? माझे दोन्ही हात दांड्यात होते."

आम्ही दोघींनी फाळक्याकडे पाहिलं. धुक्याने गाडीवर दव साचलं होतं. सगळ्या गाडीवर. ती तळहाताएवढी जागा तेवढी... कोरडी.

दुपारपर्यंत मामाला कळलं. तो लगेच एक गिऱ्हाईक घेऊन हजर. विका, नाहीतर देणाऱ्याच्या डोक्यावर मारा, आणि ताईने मुकाट्याने जुन्या ठिकाणी परत जावं, असं त्याचं म्हणणं. ताईने गिऱ्हाइकाला पाणी दिलं आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. मामाला पाणीही दिलं नाही.

मग आम्ही दोघी त्याच गाडीत बसून मधवाल्या काकांकडे गेलो.

काका ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून त्यांनी डोळे मिटले. मी मोठ्याने सगळं सांगितलं. दोन थापा म्हटल्यावर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुमच्याकडे दोन म्हणजे काय?"

"चल."

"अरे देवा," काका म्हणाले.

"आमच्याकडे उलटं होतं, पोरी. एक म्हणजे ये. दोन म्हणजे थांब. थांब हे जास्त महत्त्वाचं, म्हणून दोनदा. हिनेच ठरवलं होतं."

हिनेच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिचं ऐकत जा, असं काका म्हणाले होते ते गाडीबद्दल नव्हतं. त्या पिढीतले नवरे बायकोचं नाव घेतात कुठे?

"ही मागे उभी राहायची. त्या दिवशी पेट्या भरलेल्या, ट्रेलर जड. तिने दोन मारल्या असणार. नक्कीच दोन मारल्या असणार." त्यांनी कानामागे हात नेला आणि तसाच ठेवला. "मला एकच ऐकू आली."

एक म्हणजे ये.

ते गाडी मागे घेत राहिले.

मला त्यांची कीव आली आणि तितकाच रागही आला. हे आधी सांगायला काय झालं होतं? तसं मी बोललेही. काका म्हणाले, सांगितलं असतं तर कुणी घेतली नसती, आणि रोज सकाळी ती गाडी दारात बघवत नव्हती. गाडी परत घ्यायला ते तयार होते. हात जोडून तयार होते.

ताई उठली. उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं.

"परत द्यायची नाही," ती म्हणाली. "तिने मला मारायला थापा मारल्या नाहीत. थांब थांब म्हणून जीव तोडून सांगत होती. तिला आमची भाषा येत नाही, एवढंच. शिकवू."

आणि खरंच शिकवलं. हसा तुम्ही.

संध्याकाळी आवारात मी गाडीत बसले आणि ताई मागे उभी राहिली. रिकाम्या हवेशी ती शाळेतल्या बाईंसारखं बोलायला लागली. हे बघा काकू, ही गाडी आता आमची. इथे एक म्हणजे थांब. आणि डाव्या हाताने एक थाप. मी थांबायचे. दोन म्हणजे चल. मी चालू पडायचे. असं दिवे लागेपर्यंत. भिंतीवरून शेजारच्या गृहस्थांचं डोकं वर आलं, बघितलं, खाकरलं आणि खाली गेलं.

आठवडाभर काही नाही.

मग एका साइटवर मी ट्रेलरसकट मागे येत होते. ताई समोर, माझ्या नजरेसमोर, मालकाशी बोलत उभी. खडखड लांब गेली. आणि...

थप.

एक.

मी थांबले. उतरून पाहिलं. ट्रेलरच्या चाकामागे प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला होता आणि त्याखाली खांबासाठी खणलेला खड्डा होता. ताईचं मशीन, ट्रेलर, सगळं आत गेलं असतं.

त्या दिवशी आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. शिकली. काकू शिकली. येताना ताईने फाळक्यावर हात फिरवला आणि शाबासकी दिली. आता आपण तिघी, म्हणाली. मामाला मुद्दाम घरी बोलावून सांगितलं. तो घाबरून चहा न घेताच गेला. ताईचा हात बरा झाला, गोदामाचा जिना झाला, त्यावरून आणखी दोन कामं आली. टेम्पोवाला एकदा रस्त्यात दिसला तेव्हा मी मुद्दाम हॉर्न वाजवला.

इथेच गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती.

परवाची गोष्ट. परवाच.

काम आटपून निघायची वेळ. ट्रेलर जोडलेला. मी गाडी सुरू करून पहिला गिअर टाकला होता, क्लच दाबलेला. ताईला बॉनेटसमोर जमिनीवर तारेचा तुकडा दिसला. टायरमध्ये जाईल म्हणून ती तो उचलायला वाकली. बॉनेटच्या खाली गेली. मला दिसेनाशी झाली.

खडखड... लांब गेली.

थप. थप.

दोन.

माझा पाय उठला होता. सवयच ती. दोन म्हणजे चल. क्लच अर्ध्यावर आला, गाडीने पुढे हिसका दिला, आणि त्याच क्षणी मला आठवलं की समोर ताई आहे. मी चावी फिरवून गाडी बंद केली. ताई तार हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, काय गं, धक्का का दिलास?

मी म्हणाले, पाय सटकला.

ताईला खरं सांगितलेलं नाही. ती तिला काकू म्हणते. रोज शाबासकी देते.

पण मला झोप नाही. घाबरून तिने जुन्या सवयीने दोन मारल्या? तिच्या भाषेत, थांब, पुढे माणूस आहे?

की आमच्या भाषेत मारल्या? आम्हीच शिकवलेल्या भाषेत?

आज सकाळी कामावर निघण्याआधी मी आवारात गेले. ताई अजून आत होती. ऊन पडलेलं, धुकं नाही, काही नाही. मी गाडीत बसले. इंजिन सुरू केलं नाही. आरशात बघत मोठ्याने विचारलं.

"परवा कुणाच्या भाषेत बोललीस? तुझ्या, की आमच्या?"

काही नाही. भिंतीपलीकडे बादली वाजली. मग तीही थांबली.



मग...

थप.

एक. एकच.

आमच्या भाषेत, थांब. तिच्या भाषेत, ये.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त संताप आला. माझी बहीण आहे ती. तिच्या हातावर आमचं घर उभं आहे. बाई जिवंत असो की मेलेली, तिच्या मर्जीवर मी ताईला सोडणार नाही, आणि तिला घाबरून गाडी विकून ताईला पुन्हा कुणाच्या हाताखालीही जाऊ देणार नाही.

मी आरशात बघून म्हणाले, "बोलावतेयस ना? येते. आजपासून मागे मी उभी राहणार."

हीटरचा दिवा विझू दिला, गाडी सुरू केली आणि कामावर गेले. वेळेवर पोचले.

संध्याकाळी ताईला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. इतके दिवस मीच चालवत आले, आता तूही शिक, असं सांगितलं. ती खूश झाली. मी मागे, गाडी आणि ट्रेलरच्या मध्ये उभी राहिले. फाळक्याला पाठ टेकवून.

ताईला गाडी मागे घ्यायचं अजून नीट जमत नाही. अंदाज चुकतो.

पण शिकेल.